कामरगावात शिवलेले बर्फाचे कपडे

भाड्याच्या कोटाच्या खिशात हात घातला तेव्हा बोटांना काहीतरी ओलसर लागलं. बाहेर काढून पाहिलं तर कुणाचा तरी वापरलेला रुमाल होता. ही गोष्ट आठ-दहा वर्षांपूर्वीची, आमच्या शाळेतल्या शिक्षकांची मे महिन्यात मनालीला सहल गेली होती तेव्हाची. वर बर्फाकडे जाणाऱ्या रस्त्याला कोट आणि गमबूट भाड्याने देणाऱ्या टपऱ्यांची रांगच रांग. एकच कोट दिवसभरात चार-पाच अंगांवर चढत होता आणि धुण्याचं नाव कुणी काढत नव्हतं. माझ्या कोटाच्या बाहीवर वाळलेल्या उलटीचा डाग होता. गमबुटात पाय घातला तर आत आधीच्या माणसाच्या पायाची ऊब. ती ऊब आठवली की अजूनही माझे तळपाय आखडतात. वर बर्फ म्हणून जे होतं तो घोड्यांच्या लिदेने तपकिरी झालेला राडा होता. तिथे एका माणसाने माझ्या बुटांना दोन लांब पट्ट्या बांधल्या, मला हाताला धरून पन्नास पावलं ओढत नेलं, ‘फोटो खिंचवाओ’ म्हणाला, आणि पट्ट्या सोडून पुढच्याच्या पायाला बांधल्या. याला ते स्कीइंग म्हणत होते. रिसोडला परत आल्यावर सगळ्या मास्तरांनी आपापला तो फोटो मोबाइलवर लावला. मी लावला नाही, पण पुसूनही टाकला नाही.

तो फोटो माझ्या मुलीला सापडला, मागच्या दिवाळीत. ती तेव्हा नववीत होती. दिवाळीला आम्ही दरवर्षी चार दिवस कामरगावला माझ्या धाकट्या बहिणीकडे जातो. बहीण शिवणकाम करते, ब्लाउज आणि शाळेचे गणवेश. तिची मुलगी आणि माझी मुलगी एका वयाच्या, सहा महिन्यांचा काय तो फरक, पण माझी ताडमाड वाढलेली आणि भाची तिच्या खांद्याला लागणारी. दोघींनी मोबाइलवर त्या फोटोपासून सुरुवात केली आणि दोन दिवसांत जगभरातले स्कीइंगचे व्हिडिओ पालथे घातले. तिसऱ्या दिवशी शेतात सोयाबीन काढून उरलेल्या कुटाराच्या ढिगावर त्या चढल्या. स्प्रिंकलरचा फुटका पाइप उभा चिरून, त्याची टोकं चुलीवर गरम करून वाकवली होती. ते तुकडे सुतळीने चपलांना बांधून दोघी ढिगावरून घसरत होत्या. सोयाबीनचं कुटार फार खाजतं. संध्याकाळी दोघींच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, आणि खाजवता खाजवता त्या हसत होत्या.

‘पप्पा, आम्ही दोघी खऱ्या बर्फावर शिकणार,’ मुलगी म्हणाली. ‘पुढच्या वर्षी माझी दहावी. मग क्लास आणि बाहेरगाव. म्हणजे याच वर्षी.’

भाची माझ्याकडे बघत होती. मी ‘पाहू’ म्हणालो.

‘पाहू’ हा शब्द मास्तर लोक फार वापरतात. त्यात होकार नसतो आणि नकाराचा वाईटपणाही येत नाही.

रिसोडला आल्यावर मी खरोखरच हिशेबाला लागलो. पैशांआधी हिशेब लागला तो सुट्ट्यांचा, आणि त्यानेच माझं डोकं फिरलं. दिवाळीत बर्फ पडलेला नसतो. मे महिन्यात उरलेला नसतो. जानेवारी-फेब्रुवारीत तो गुडघाभर असतो, तेव्हा आपल्या पोरांच्या परीक्षा मानगुटीवर बसलेल्या असतात. या देशात सुट्ट्या कोणी ठरवल्या, त्यांनी आयुष्यात कधी बर्फ पाहिला होता का, कोण जाणे. राहता राहिला नाताळ. मुलीची इंग्रजी शाळा नाताळात आठ दिवस बंद असते. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला एक दिवस. मी जिल्हा परिषदेचा मास्तर आणि माझी मुलगी इंग्रजी शाळेत, हे वाचून कुणी नाक मुरडलं तर माझी हरकत नाही. मीही मुरडतो. भाची मात्र माझ्याच खात्याच्या शाळेत होती.

बसस्टँडसमोर एका सहल काढणाऱ्याचं ऑफिस होतं. तिथे गेलो. मी ‘शिकायचं आहे, तीन दिवस, नवशिक्यांसाठी’ असं सांगत असताना तो टेबलाखालच्या डब्यात सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकत होता. डबा काठोकाठ आला होता.

‘सर, शिकता कायले?’ तो म्हणाला. ‘आपल्याइकडचे लोकं अर्धा घंटा करतेत, फोटो काढतेत, झालं. कोट तिथंच भाड्यानं भेटते. अन् आपला महाराज संग असते, रोज गरम वरण-भात. बर्फात बसून वरण-भात खासान तुमी!’

कोट भाड्याने, हे ऐकूनच मी उठलो. मागून तो ‘पंधरा माणसं जमवा, तुमचं फुकट!’ म्हणून ओरडत होता.

स्टाफरूममध्येही निभाव लागला नाही. माझ्या हातातला स्कीइंगच्या चौकशीचा कागद एका सहकाऱ्याने वाचला. हा गृहस्थ तीस एकरांचा मालक, वर मास्तरकी. ‘बरफ पाहाले इतक्या दूर? फ्रिज उघडून पाहा ना!’ सगळे हसले, मीही हसलो. मग तो आवाज न चढवता म्हणाला, ‘मजा हाये बाप्पा. आता तुमचे लोकंबी स्कीइंगले चालले.’ एकाने चहाचा कप उचलला, एकाने वही. मी त्या गृहस्थाच्या ताटात बारा वर्षं डब्यातली भाजी वाढत आलो होतो. त्या दिवसापासून वाढत नाही. त्याला ते लक्षात आलंय की नाही, देव जाणे, पण मला त्याच्या ताटाकडे बघवत नाही.

तर मग सगळं मी स्वतःच जमवायचं ठरवलं, आणि कुणालाही सांगायचं नाही असंही ठरवलं. यामागे कारण होतं. आमच्या घरात कुणी एकटं प्रवासाला जात नाही. लहानपणी आमचा प्रवास एकच, दसऱ्याला नागपूर. कामरगावची अख्खी गल्ली एका ट्रकमध्ये बसायची. पिठलं-भाकरी, सतरंज्या, म्हातारी माणसं, तान्ही पोरं, सगळी. आई प्रत्येक थांब्यावर डोकी मोजायची. एकदा बडनेऱ्याच्या पुढे गेल्यावर एक डोकं कमी भरलं. माझी बहीण मागे पाण्याच्या नळावर राहिली होती, सहा वर्षांची. ट्रक वळला, चाळीस माणसं मागे आली आणि तिला घेऊन पुढे गेली. ड्रायव्हरसुद्धा कुरकुरला नाही.

मोठेपणी मला या सगळ्याचा वीट आला. नोकरी लागल्यावर मी घरच्यांना अजिंठ्याला न्यायचं कबूल केलं, तर एका क्रूझर गाडीत चौदा जण आणि गॅसची शेगडी. दोघं-तिघं खिडकीतून ओकत होते, कुणी ठेच्याचा डबा उघडून बसलेलं, आणि लेण्यांपेक्षा जास्त वेळ स्वयंपाकाला जागा शोधण्यात गेला. एकाला सांगितलं की दुसरा येतो, दुसऱ्याबरोबर तिसरा. यावेळी आम्ही तिघंच जायचं. मी, बायको, मुलगी. बायको एकदा म्हणाली, ‘अन् कामरगावची?’ मी म्हणालो, ‘तिच्या शाळेला सुट्टी नाही.’

हे मी म्हणालो. आठ दिवस पोटाच्या विकाराचा दाखला जोडून रजा टाकणारा मास्तर मीच.

योजना मात्र मी झकास आखली, हे मान्य करावं लागेल. रेल्वे स्लीपरने, पुढे सरकारी बस. हॉटेलऐवजी एका घरातली खोली, स्वयंपाकघर वापरायला मिळणारी. नवशिक्यांचा तीन दिवसांचा वर्ग, सहा जणांना एक शिकवणारा, बूट आणि पट्ट्या मापाच्या. मुलगी रोज संध्याकाळी माझ्याजवळ बसून उतारांचे नकाशे बघायची. पट्ट्यांची टोकं जवळ आणून वेग कसा कमी करायचा ते मला फरशीवर पायमोजे घालून दाखवायची. तिकिटं काढली त्या दिवशी तिने विचारलं, ‘चार ना?’ मी कागद घडी घालून खिशात ठेवला.

राहिला प्रश्न कपड्यांचा. भाड्याचे मी मेलो तरी घालणार नव्हतो. नवे विकत घ्यायचे तर तेवढ्यात दुसरी सहल झाली असती. मग मला बहीण आठवली. बाजारातून रेनकोटचं कापड घेतलं, गादीवाल्याकडून रजईत भरतात तो फायबर घेतला आणि एका रविवारी कामरगावला गेलो. तिला सांगितलं की मुलीच्या शाळेत स्नेहसंमेलन आहे, बर्फातल्या सैनिकांचं नाटक आहे, तीन जोड लागतील. सोबत आमची तिघांची मापं लिहून नेली होती.

बहिणीने कापड चुरगळून पाहिलं, नखाने ओरबाडून पाहिलं. मग मापांचा कागद वाचला.

‘पोरीचं समजलं,’ ती म्हणाली. ‘तुहं अन् वयनीचं माप कायले? तुमीबी नाटकात हाये का?’

‘पालकांचाही भाग आहे,’ मी म्हणालो.

‘असं होय.’ ती खाली बघून कापडावर खडू ओढायला लागली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. खोटं पचलं असं समजून मी चहा प्यालो आणि दुपारच्या गाडीने परतलो. पोरींचं रोज फोनवर बोलणं होतं, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. पंचवीस वर्षं पोरांची खोटी कारणं ओळखत आलेला माणूस मी, आणि माझं कारण एका शिलाईच्या बाईने एका प्रश्नात ओळखलं.

डिसेंबरच्या मध्यावर कपडे आणायला गेलो. दुपारचं कडक ऊन होतं. बहिणीच्या खोलीत खाटेवर निळे जाड कोट आणि विजारी एकावर एक ठेवल्या होत्या. काम बघून मी थक्क झालो. आतला फायबर सरकू नये म्हणून तिने तिरप्या टिपा मारल्या होत्या, विजारींच्या पायांना दुहेरी इलास्टिक, गळ्याला लोकरीची पट्टी.

‘पाच सुया मोडल्या,’ ती म्हणाली. ‘फायबरात सुई अडकते. पण पाणी टाकून पाह्यलं मी, आत उतरत नाई.’

मी मोजले. चार जोड होते.

तेवढ्यात भाची शाळेतून आली. मला ‘जय भीम मामाजी’ म्हणाली, दप्तर खाली टाकलं आणि सरळ चौथा जोड अंगावर चढवला. त्या उन्हात, गणवेशावरून. गळ्यापर्यंत चेन ओढून ती दारात उभी राहिली. कपाळावर घाम आला होता. जोड अंगात असा बसला होता की मापाबद्दल शंकाच नको.

‘मामाजी,’ ती म्हणाली, ‘मी पडली तं ताई मले उचलन ना? का तिथले सर उचलतेत?’

म्हणजे सगळं ठरलेलंच होतं. मी कधी हो म्हणालो नव्हतो, आणि त्याची कुणाला गरजही वाटली नव्हती. आमच्या घरातलं कुणी निघालं की बाकीच्यांनी कपडे शिवायला घ्यायचे, एवढं साधं होतं ते. तिच्या बापालाही यायचं नव्हतं, बहिणीलाही नाही, शेगडी नाही की ठेचा नाही. चौदा माणसं माझ्या डोक्यातच होती. दारात एकच पोरगी उभी होती.

त्या वेळी मला जे सुचलं ते असं: ‘तुझ्या शाळेला सुट्टी नाही ना, बाई.’

‘आठ दिवस शाळा बुडली तं काय आभाय कोसळते?’ बहीण हसत म्हणाली. ‘मास्तर तं तूच हाये. अर्ज लिहून दे तिचा.’

‘अगं, पण तिकिटं तीनच आहेत.’

भाचीने आईकडे पाहिलं. बहिणीने माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, सुईत दोरा घालताना बघतो तेवढंच. मग ती उठली, मुलीजवळ गेली आणि तिच्या गळ्याची चेन खाली ओढली.

‘काढ बाई,’ ती म्हणाली. ‘तो ताईचाच हाये, बदलाले. मी तुले घालून पाहाले देल्ला फक्त.’ आणि मला म्हणाली, ‘वाढत्या अंगाची पोरगी हाये तुही. एक ओला झाला तं दुसरा पाह्यजे. म्हणून शिवला चौथा.’

भाचीने कोट काढला, विजार काढली, दोन्ही नीट घडी करून आईच्या हातात दिली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. मी शिलाई विचारली. बहिणीने कधी घेतली होती म्हणून आज घेणार? तिने चारही जोड एका जुन्या चादरीत बांधले आणि गाठ मारली. नाताळाला आठ-दहा दिवस होते. तत्काळमध्ये एक तिकीट मिळालंही असतं. वर्गात सहावी जागा रिकामी आहे असा फोनही येऊन गेला होता. मी बसमध्ये बसलो तेव्हा हे सगळं मला माहीत होतं, आणि मी काहीच केलं नाही. एवढ्या मेहनतीने आखलेल्या योजनेला हात लावायचा मला कंटाळा आला, दुसरं काही नाही.

घरी मुलीने चादर सोडली. स्वतःचा जोड घालून पाहिला, बरोबर बसला. मग चौथा उचलला, खांद्याला लावला. बाही मनगटाच्या वीतभर वर राहिली.

‘हा कोणाचा?’

‘तुझाच,’ मी म्हणालो. ‘बदलायला.’

तिने मला पुन्हा विचारलं नाही. नकाशे बघायला त्या संध्याकाळी ती आली नाही, नंतरही नाही.

आम्ही गेलो. बर्फ बेताचाच होता, पण पांढरा होता. वर्गही चांगला निघाला, शिकवणारा माणूस शांत होता, कपड्यांतून पाण्याचा थेंब आत आला नाही. म्हणजे जसं आखलं तसंच झालं. फक्त पहिल्या सकाळी मुलगी खोलीतून बाहेर आली ती तो आखूड जोड घालून. पोटावर चेन ताणलेली, हातमोजा आणि बाही यांच्यामध्ये उघडं मनगट.

‘अगं, तुझा घाल ना,’ बायको म्हणाली.

‘हाच घालते,’ मुलगी म्हणाली.

तीनही दिवस तिने तोच घातला. पडली की बाहीत बर्फ शिरायचा, ती झटकायची आणि उठायची. मी एकदा हात द्यायला गेलो तर तिने काठीने खूण केली, बाजूला व्हा. तिसऱ्या दिवशी ती पट्ट्यांची टोकं जवळ आणत तो छोटा उतार एकटीने पूर्ण उतरली आणि पायथ्याशी न पडता थांबली. शिकवणाऱ्याने टाळ्या वाजवल्या. तिने खिशातून मोबाइल काढून बायकोला फोटो काढायला सांगितला आणि तिथूनच तो कामरगावला पाठवला.

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. मी शाळेत होतो, बरं झालेलं पोट घेऊन.

‘दादा, फोटो पाह्यला,’ ती म्हणाली. ‘लय मस्त उभी राह्यली पोरगी. तिनं पाठवला तं आमची दिवसभर सगळ्या गल्लीले दाखवून राह्यली.’ मग म्हणाली, ‘पण बाही आखूड झाली ना रे? मनगटं लालभडक झाले तिचे. माह्यंच माप चुकलं.’

पंधरा वर्षं ती गावातल्या पोरींचे गणवेश शिवते. तिचं माप कधी बोटभर चुकलेलं कुणी ऐकलं नाही. मी व्हरांड्यात उभा होतो, आत पोरं पाढे म्हणत होती. त्या कोटाची, त्या रुमालाची, खर्ऱ्याच्या त्या डब्याची आली नव्हती एवढी किळस मला त्या क्षणी माझी आली. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते मला येत होतं.

‘हो,’ मी म्हणालो. ‘जराशी आखूड झाली.’